वीस बाजूंचा फासा

फासे म्हटलं की घरातल्या मोठ्यांना द्यूतच आठवतं, म्हणून आधीच सांगतो : यात पैसे लावत नाहीत.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर. बाकीचे आपापलं पात्र घेऊन गोष्टीत शिरतात आणि काय करणार ते तोंडाने सांगतात. जमलं की नाही, ते फासा ठरवतो. कोकणातल्या दशावतारात कथानक ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्याउभ्या रचतात. तसंच काहीसं.

भीमपूरचा माझा पुतण्या सुट्टीत हैदराबादला आला, तेव्हा त्याला एका गेम स्टोअरमधल्या बैठकीला नेलं. नववीतला मुलगा. घरी मराठी, गावात तेलुगू, आणि त्या टेबलावर सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे. तासभर त्याने नुसते फासे टाकले. मग पुलावर पहारेकरी आडवा आला आणि त्याची पाळी आली.

“काका, मराठीत बोलू का?”

डंजन मास्टर तेलुगू होता. म्हणाला, बोल, पण पहारेकऱ्याला ती भाषा येत नाही. १५ किंवा जास्त पडायला हवेत.

म्हणजे शक्यता ३० टक्के. पोरगं उठून उभं राहिलं. “दादा, पलीकडं माझी म्हैस अडकलीय, पैनगंगेला पूर येतोय, जाऊ द्या ना!” सोबत दोन्ही हातांनी म्हशीची शिंगं. टेबल हसून लोळलं. डंजन मास्टरने खूश होऊन दोन फासे टाकायला दिले, मोठा आकडा धरायचा. २०१४ च्या आवृत्तीपासूनचा हा नियम. ३० चे थेट ५१ टक्के होतात. पडले ११ आणि १७.

त्यानंतर तो मोडक्या इंग्रजीतही बेधडक बोलला.

मंडळाच्या कार्यक्रमात आपण मुलांकडून पाठ केलेलं मराठी वदवून घेतो. टाळ्या वाजतात, आणि खाली उतरताच ती इंग्रजीवर येतात. इथे त्याला पूल ओलांडायचा होता, म्हणून मराठी निघालं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. माझ्याकडे फाशांचे दोन संच आहेत, प्रत्येकी सात. बारा वर्षांपुढची चार-पाच मुलं जमली, तर पुढच्या मेळाव्यात जेवणानंतर गोष्ट मी सांगेन, मराठीत. म्हैस चालेल.