आठ डॉलरची बाकी आणि अख्खे घर

रविवारी सकाळी पेपर हातात घेतो न घेतो तोच आमच्या वस्तीतल्या एक मावशी दारात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घरपट्टीचे बिल. म्हणाल्या, "भाऊ, एवढं वाचून द्या. पोरगा म्हणतो, घर जातंय."

घर जात नव्हते. तीन वर्षांची घरपट्टी थकली होती आणि बिल अजून वारलेल्या मालकांच्याच नावाने येत होते. मूळ कर किती आणि शास्ती किती, हे मी पेन्सिलीने बाजूला वेगवेगळे मांडून दिले. शास्ती दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. मावशींनी आकड्याकडे बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "तिकडे अमेरिकेत असलं काही नसेल, नाही का भाऊ?"

त्यांना मी चहा होईपर्यंत थोडे सांगितले. उरलेले या आठवड्याच्या सदरात लिहितो, कारण हा प्रश्न मला पूर्वीही दोन-चार जणांनी विचारला आहे.

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते. आपल्या जिल्ह्यासारखी समजा. आपला कलेक्टर वरून नेमलेला असतो, तिथे काउंटीचा कारभार निवडून आलेले लोक बघतात, आणि पुष्कळ ठिकाणी खजिनदारसुद्धा लोकच मतदानाने निवडतात. घरपट्टीला तिकडे प्रॉपर्टी टॅक्स म्हणतात आणि शाळा, रस्ते, पोलीस, वाचनालये यांचा बराचसा खर्च त्यातून भागतो. म्हणून वसुलीही कडक. कर थकला की घरावर बोजा चढतो, आणि हा बोजा बँकेच्या कर्जाच्याही आधीचा धरतात. काही राज्यांत काउंटी ही थकबाकी खासगी सावकारी करणाऱ्यांना विकते, मग व्याज तेच वसूल करतात. काही राज्यांत काउंटी स्वतःच घर ताब्यात घेऊन लिलावात काढते.

आता एक प्रकरण सांगतो. मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस नावाचे मोठे शहर आहे, ते हेनेपिन काउंटीत येते. तिथे जेराल्डिन टायलर नावाच्या वृद्ध बाईंचा एक खोलीचा फ्लॅट होता. १९९९ पासून त्या तिथे राहत होत्या. पुढे आसपासचे वातावरण धोक्याचे वाटू लागले म्हणून २०१० मध्ये त्या वृद्धांसाठीच्या वसाहतीत भाड्याने राहायला गेल्या. तिकडचे भाडे आणि इकडचा कर, दोन्ही जमेना. फ्लॅटचा कर थकला. २०१५ पर्यंत मूळ कर झाला साधारण २३०० डॉलर, आणि त्यावर व्याज, दंड, खर्च धरून एकूण आकडा गेला १५ हजारांवर. काउंटीने फ्लॅट ताब्यात घेतला आणि ४० हजार डॉलरला विकला.

डॉलरचे रुपये करण्याच्या भानगडीत पडू नका, प्रमाण बघा. येणे १५ हजार, विक्री ४० हजार. कोणत्याही दुकानातला मुनीम सांगेल की २५ हजार ज्याचे त्याला परत करायचे. मी बी. कॉम. झालो तेव्हापासून आजवर जमा-खर्चाच्या कोणत्याही वहीत याला दुसरे उत्तर पाहिलेले नाही. पण मिनेसोटाच्या कायद्यात होते. घर एकदा कराखाली गेले की वरची रक्कमही काउंटी, गाव आणि शाळेचा विभाग यांनी आपसात वाटून घ्यायची. मूळ मालकाला एक पैसा नाही.

बाईंनी दावा लावला. खालचे कोर्ट म्हणाले, कायद्यात बसते. वरच्या अपील कोर्टानेही तेच म्हटले. मग प्रकरण देशाच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि २५ मे २०२३ रोजी निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायाधीश एका बाजूला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकाल लिहिला. त्यांच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीप्रमाणे सरकारला खासगी मालमत्ता योग्य मोबदल्याशिवाय घेता येत नाही. कर वसूल करण्यासाठी घर विकणे ठीक, पण येण्यापेक्षा जास्त ठेवून घेणे म्हणजे मोबदला न देता मालमत्ता घेणेच झाले, असा त्याचा आशय. त्यासाठी कोर्टाने थेट १२१५ सालच्या इंग्लंडच्या मॅग्ना कार्टापर्यंतचा दाखला काढला, की राजाच्या माणसानेही देणे तेवढेच वसूल करावे आणि बाकीचे सोडावे. आणखी एक मुद्दा मला फार पटला. त्याच मिनेसोटात बँकेने कर्जापोटी घर विकले तर वरची रक्कम मालकाला परत मिळत होती. प्राप्तिकराच्या थकबाकीतही मिळत होती. मग घरपट्टीतच का नाही? निकाल लागला तेव्हा बाईंचे वय ९४ होते. पुढे २०२४ मध्ये राज्याला हा कायदा बदलावा लागला.

या निकालाच्या तीन वर्षे आधीच, जुलै २०२० मध्ये, मिशिगन राज्याच्या सुप्रीम कोर्टाने असाच निर्णय दिला होता. ते प्रकरण ऐकले तर हसावे की रडावे कळत नाही. ओकलंड काउंटीतल्या युरी राफाएली नावाच्या निवृत्त अभियंत्याने एक घर भाड्याने देण्यासाठी घेतले होते. २०११ च्या करात काही रक्कम कमी पडली, ती त्यांनी नंतर भरली. व्याजाचा हिशेब करताना मात्र चूक झाली आणि ८ डॉलर ४१ सेंट बाकी राहिले. त्यावर व्याज आणि फी चढत जाऊन आकडा झाला २८५ डॉलर. काउंटीने घर घेतले, २४ हजार ५०० डॉलरला विकले आणि सगळे पैसे ठेवून घेतले.

ही झाली कोर्टात जिंकलेल्यांची गोष्ट. मावशी म्हणाल्या, "म्हणजे न्याय झाला की." अर्धाच झाला, मावशी. कोर्टाने वरचे पैसे परत दिले. घर परत दिले नाही. आणि वरचे पैसे कोणाला मिळणार? ज्याचे घर थकबाकीपेक्षा जास्त किमतीला गेले त्याला. जिथे घरच कवडीमोलाने गेले, तिथे परत मिळण्यासारखे काही उरतच नाही. त्यासाठी त्याच मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटकडे जावे लागते.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांतून, तिथल्या जुलमातून सुटण्यासाठी लाखो काळे लोक उत्तरेकडे निघाले, त्यांतले कितीतरी इथल्या कारखान्यांत आले. आपले बापजादे गाव सोडून गिरणीत आले तसेच समजा. कामाच्या कमाईतून त्यांनी घरे घेतली. १९५० मध्ये शहराची वस्ती साडेअठरा लाख होती. मग कारखाने हलले, गोरे लोक उपनगरांत गेले, आणि २०१० मध्ये सव्वासात लाखांच्या आत माणसे राहिली, त्यांतले दहातले आठ काळे. २००८ च्या मंदीत घरांच्या किमती कोसळल्या. २०१३ मध्ये महापालिकेनेच दिवाळे जाहीर केले.

किमती कोसळल्या, पण कराचे मूल्यांकन त्या वेगाने खाली आले नाही. मिशिगनच्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिले आहे, की करासाठी घराची किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त धरता कामा नये. समजा, घर बाजारात २० हजारांचे आहे, तर कर जास्तीत जास्त १० हजारांवर लागला पाहिजे. डेट्रॉइटमध्ये वर्षानुवर्षे नीट फेरमूल्यांकन झालेले नव्हते, त्यामुळे अशा घरावर जुन्याच फुगलेल्या किमतीने कर येत राहिला. डेट्रॉइट न्यूज या दैनिकाने २०२० मध्ये हिशेब मांडला, की २०१० ते २०१६ या काळात शहराने घरमालकांकडून निदान ६० कोटी डॉलर जादा आकारले. कायद्याच्या प्राध्यापिका बर्नडेट अटुआहेने आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर बेरी यांनी अभ्यास करून दाखवले, की जेवढे घर स्वस्त तेवढी मूल्यांकनातली चूक मोठी, आणि करापायी झालेल्या जप्त्यांपैकी दहातली एक या बेकायदा मूल्यांकनामुळे झाली. सर्वांत स्वस्त घरांत हे प्रमाण चारांत एक होते.

डेट्रॉइट वेन काउंटीत येते. राज्याच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे थकलेला कर शहराकडून काउंटीच्या खजिनदाराकडे जातो. आधी महिन्याला एक टक्का व्याज, पुढे दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८. तिसऱ्या वर्षी घर काउंटीचे. मग लिलाव. पहिल्या फेरीत थकबाकीइतकी बोली आली नाही तर दुसऱ्या फेरीत बोली ५०० डॉलरपासून सुरू. बाहेरचे गुंतवणूकवाले एका वेळी डझनाने घरे उचलत. २००९ नंतरच्या दहा-बारा वर्षांत एक लाखाहून जास्त मालमत्ता अशा गेल्या.

इथे मला माझ्यातला कारकून गप्प बसू देत नाही. काउंटी काय करीत होती? कर थकला की त्या रकमेइतके कर्ज काढून ती शहराचे आणि शाळांचे पैसे चुकते करायची, आणि मग थकबाकीदाराकडून व्याज, फी यांसह वसुली. वरचा नफा काउंटीच्या तिजोरीत. म्हणजे लोकांनी कर वेळेवर भरला असता तर काउंटीचे एक उत्पन्नच बुडाले असते! ज्या खात्याला थकबाकीतून फायदा होतो, ते खाते थकबाकीदाराला सवलत आहे हे कशाला मोठ्याने सांगेल?

आणि सवलत होती. गरिबाला राहत्या घराचा कर पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ करण्याची तरतूद मिशिगनच्या कायद्यात होतीच. पण अर्ज दर वर्षी नव्याने करायचा, ठरलेल्या मुदतीत करायचा, सोबत कागद जोडायचे. ज्यांना माफी मिळायला हवी होती अशा हजारो घरांना हे ठाऊकच नव्हते. काही जणांना ठाऊक होते, पण घर आजीच्या नाहीतर वडिलांच्या नावावर. कित्येकांनी घर हप्त्याने घेतलेले आणि खरेदीखत नोंदवलेले नाही. कर भरायची पाळी आली की हे मालक, आणि सवलत मागायला गेले की कागदावर मालक नाहीत. काही तर भाडेकरू होते. ते भाडे वेळेवर देत होते, घरमालक कर भरत नव्हता, आणि एक दिवस दाराला नोटीस चिकटली.

याविरुद्ध तिथल्या वस्तीतल्या संघटना उभ्या राहिल्या, दारोदार अर्ज वाटले, भरून घेतले. नागरी हक्कांच्या संस्थांनी दावा लावला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली: माफीचा अर्ज सोपा करायचा, आणि माफीला पात्र असूनही ज्यांची घरे जप्त झाली त्यांतल्या काहींना १००० डॉलरमध्ये घर परत घेऊ द्यायचे. २०२० मध्ये राज्याने आणखी एक कायदा केला. त्यात माफी मिळालेल्या गरिबाच्या मागच्या थकबाकीवरचे व्याज आणि फी काढून टाकायची सोय झाली. या साऱ्याला दहा वर्षे लागली. एक लाख घरांच्या मानाने हे थोडे, पण जे झाले ते अर्ज भरून घेणाऱ्यांमुळे झाले, हेही खरे.

जाता जाता एक आठवण. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांचे अर्थशास्त्राचे गुरू होते प्रा. एडविन सेलिग्मन. हे गृहस्थ करशास्त्रातले मोठे नाव. बाबासाहेबांच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला, १९२५ च्या, प्रस्तावना त्यांचीच आहे. अमेरिकेतला मालमत्तेवरचा सरसकट कर व्यवहारात श्रीमंताला हलका आणि गरिबाला जड होतो, हे या सेलिग्मनांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते. डेट्रॉइटचे आकडे वाचताना मला त्यांची आठवण झाली.

मावशींनी चहा संपवला आणि विचारले, "ते पंचवीस हजार वाटून घेणाऱ्यांना काही झालं का?" मी म्हटले, नाही, तेव्हा कायदाच तसा होता. त्या काही बोलल्या नाहीत. बिलाची घडी घातली, पेन्सिलीने लिहिलेला कागद त्यात ठेवला आणि विचारले, "मालकांचं नाव काढून माझं लावायला कुठला दाखला लागतो, ते लिहून द्या." मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, रेशनकार्ड, मागच्या पावत्या असे लिहून दिले. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. कचेरीतल्या बाबूने अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नव्हता. मावशी खिडकीसमोरून हलल्या नाहीत. पाऊण तासाने शिक्का मारलेली पोच मिळाली. थकबाकीचा पहिला हप्ता त्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी भरणार आहेत.