कोटीच्या गाडीत पेट्रोल हा किरकोळ खर्च

गाडी आठ लाखांची असो की एक कोटीची, मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज किती देते? आठ लाखांच्या गाडीपाशी हा प्रश्न अगदी रास्त आहे. दोन दारांच्या, तीन लिटर इंजिनाच्या स्पोर्ट्स कूपेपाशी मात्र त्याचं उत्तर ऐकून गिऱ्हाईक उगाच घाबरतं किंवा उगाच निश्चिंत होतं. कारण जिथे पैसा खरोखर जातो, तिथे त्याचं लक्षच गेलेलं नसतं.

बीएमडब्ल्यू एम २ चंच उदाहरण घेऊ. सध्याची पिढी भारतात मे २०२३ मध्ये ९८ लाखांना आली आणि २०२४ च्या अखेरीस सुधारित गाडीची एक्स-शोरूम किंमत १ कोटी ३ लाख झाली. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, जोड-टर्बो इंजिन. ताकद आधी ४६० आणि नंतर ४८० अश्वशक्ती. युरोपातल्या चाचणीत ही गाडी १०० किलोमीटरला साधारण १० लिटर पेट्रोल पिते, म्हणजे लिटरला १० किलोमीटर. पावणेदोन टनांच्या आसपास वजन असलेल्या आणि चार सेकंदांत शंभरी गाठणाऱ्या गाडीसाठी हा आकडा वाईट नाही.

पण तो आकडा प्रयोगशाळेतला. डब्ल्यूएलटीपी नावाची ही चाचणी ३० मिनिटांत सव्वातेवीस किलोमीटर पार करते आणि तिचा सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर असतो. आता पुण्याकडे बघा. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागले. म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. विद्यापीठ चौकात एसी चालू ठेवून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी कूपे लिटरला १० देईल, ही आशा सोडलेलीच बरी. शहरी वापराला ७ चा हिशोब धरावा. तीच गाडी द्रुतगती महामार्गावर ताशी शंभरच्या मर्यादेत, आठव्या गिअरमध्ये शांतपणे धावली तर कागदावरच्या आकड्याच्या बरीच जवळ जाते. जी गाडी पळवण्यासाठी घेतली, ती सरळ चालवली की सर्वांत किफायती ठरते!

पंपावर आणखी एक घोळ आहे. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे या मिश्रणातून सहा-सात टक्के ऊर्जा आधीच वजा झाली. त्यावर उपाय म्हणून अनेक हौशी मालक इंडियन ऑइलच्या एक्सपी १०० कडे वळतात. हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीत लिटरला १६० रुपयांना बाजारात आलं. टर्बो इंजिनात ऑक्टेनला महत्त्व आहे. इंधन अवेळी पेटू लागलं की नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि ताकद थोडी उतरते. तरीही निर्मात्याने मॅन्युअलमध्ये जितकं ऑक्टेन मागितलं आहे, त्याच्या वरचं विकत घेऊन फारसं काही पदरात पडत नाही.

आता वही काढू. अशी गाडी बहुधा रोज ऑफिसला नेली जात नाही. वर्षाला ५ हजार किलोमीटर धरू. लिटरला ७ किलोमीटर आणि मुंबईचा १०४ रुपयांचा दर धरला, तर वर्षाचं पेट्रोल सुमारे ७४ हजारांचं होतं. सगळं १६० रुपयांचं पेट्रोल भरलं तरी १ लाख १४ हजार.

आता याच्या शेजारी कर ठेवू. एम २ भारतात जुळवली जात नाही, बाहेरून तयार होऊन येते. महाराष्ट्रात आयात गाडीवर, तसंच कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीवर, एकरकमी वाहन कर २० टक्के आहे. या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. १ कोटी ३ लाखांवर २० टक्के म्हणजे २० लाख ६० हजार. एवढ्या पैशांत वरच्या हिशोबाने २७ वर्षांचं पेट्रोल येतं. कर १५ वर्षांवर वाटला, तरी वर्षाला १ लाख ३७ हजार पडतात. गाडी घरासमोर झाकून ठेवली तरीही!

आणि घसारा? विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याचं जे ठरलेलं कोष्टक आहे, त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे पाच वर्षांत साडेएक्कावन्न लाख गेले. २५ हजार किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला २०६ रुपये. कर २७ रुपये, पेट्रोल १५ रुपये. या तिन्हींच्या बेरजेत पेट्रोलचा वाटा रुपयातले सहा पैसे. उद्या एखाद्या जादूने ॲव्हरेज ७ वरून १० वर गेलं, तर किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचतील.

त्यामुळे अशा गाड्यांत इंधनबचतीच्या नावाने जादा पैसे मोजणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. लेक्ससने जानेवारी २०२० मध्ये एलसी ५०० एच ही हायब्रिड कूपे १ कोटी ९६ लाखांना भारतात आणली. गाडी देखणी, साडेतीन लिटरच्या व्ही ६ इंजिनाला विजेच्या मोटरची जोड. तिने पेट्रोल निम्म्यावर आणलं असं समजलं, तरी वर्षाला ३७ हजार वाचतात. त्याच कोष्टकानुसार पहिल्या सहा महिन्यांतच किंमत पाच टक्क्यांनी, म्हणजे ९ लाख ८० हजारांनी खाली येते. हायब्रिड आवडली म्हणून जरूर घ्यावी, पेट्रोल वाचेल म्हणून नव्हे.

विम्यातही अशीच गंमत आहे. १५०० सीसीवरच्या गाडीला थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार ७,८९७ रुपये. इनोव्हाला तेवढा, एम २ लाही तेवढाच. भुर्दंड पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, कारण तो गाडीच्या किमतीवर ठरतो.

सर्वांत दुर्लक्षित खर्च चाकाखाली आहे. एम २ ला पुढे २७५/३५ आर १९ आणि मागे २८५/३० आर २० मापाचे टायर लागतात. मागच्या टायरची भिंत २८५ मिलिमीटरच्या ३० टक्के, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. खड्ड्याची कड आणि महागडी अलॉय रिम यांच्यामध्ये एवढंच रबर. पुढची-मागची मापं वेगळी असल्यामुळे झीज सारखी राहावी म्हणून टायर पुढे-मागे बदलता येत नाहीत आणि डिकीत स्टेपनीही नसते. चार टायरांचा संच लाखाच्या पुढे सहज जातो. साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटल्याची भरपाई मिळत नाही, त्यासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं.

हे सगळं नव्या गाडीच्या मालकाला बहुधा सोसतं. खरा फटका पाच वर्षं जुनी कूपे ‘अर्ध्या किमतीत’ घेणाऱ्या तरुणाला बसतो. घसाऱ्याचा मोठा घाव आधीच्या मालकाने झेलला, इथवर त्याचा हिशोब बरोबर असतो. पण गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून ब्रेक डिस्कची, टर्बोची किंवा गिअरबॉक्सच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही, आणि तोवर वॉरंटी बहुधा संपलेली असते. त्यातून नंबरप्लेट परराज्यातली असेल तर वेगळीच भानगड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथे फेरनोंदणी करावी लागते, आणि मग इथला करही भरावा लागतो.

शोरूमवाले ॲव्हरेजचा आकडा तोंडपाठ सांगतात, कारण तो सांगायला सोपा आणि कमी घाबरवणारा असतो. पाच वर्षांचा एकूण खर्च छापील स्वरूपात गिऱ्हाइकाच्या हातात ठेवण्याचं बंधन त्यांच्यावर असायला हवं. तसं होईपर्यंत बुकिंगची रक्कम भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : विम्याचं कोटेशन, टायरच्या संचाची किंमत, वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेजचा दर, आणि पाच वर्षांनी गाडी परत घेण्याचा भाव. गाडी सेकंड हँड असेल तर सर्व्हिसची पूर्ण नोंद आणि अधिकृत वर्कशॉपचा तपासणी अहवालही. यातला एकही कागद द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर ती गाडी घेऊ नये.