सरासरीला सोबत हवी

‘सरासरी’ हा शब्द आपल्या घराघरांत रुळलेला आहे. पर्जन्यमान, परीक्षेतील गुण, कुटुंबाचे उत्पन्न, सर्वत्र आपण सरासरी विचारतो व ती मिळाली की समाधान पावतो. परंतु ज्या संख्यांमधून ती निघाली त्या एकमेकींपासून किती दूर पांगलेल्या होत्या, हे विचारण्याची सवय आपणांस नाही. सांख्यिकीवरील लेखनाचे भाषांतर करताना ही उणीव मला वारंवार जाणवते. कारण या पांगण्याला घरगुती वापरातला शब्ददेखील रूढ नाही. ज्या गोष्टीला नाव नाही, तिची चौकशी कोण करणार? या लेखापुरते आपण तिला ‘फैलाव’ म्हणू.

वाचकांनी दोन तालुक्यांची कल्पना करावी. लागोपाठ पाच वर्षे पहिल्यात ५५, ६०, ५८, ६२ व ६५ सेंटिमीटर पाऊस पडला. दुसऱ्यात २५, १००, ४०, ९५ व ४०. दोहोंची बेरीज ३००, सरासरी ६०. केवळ सरासरी छापणाऱ्या तक्त्यात हे तालुके जुळे भाऊ ठरतील! प्रत्यक्षात पहिल्यातील शेतकरी निश्चिंत मनाने पेरणी करील. दुसऱ्यातील शेतकऱ्याची तीन वर्षे टंचाईत जातील व दोन अतिवृष्टीत. जादा पडलेला पाऊस पुढील वर्षासाठी कणगीत भरून ठेवता येत नाही. तळी व बंधारे नसतील तर तो वाहून जातो.

हा भेद संख्यांनी दाखविता येतो. पाऊस चढत्या क्रमाने मांडून मधली संख्या घेतली, तर हा ‘मध्यक’ पहिल्या तालुक्यात ६०, दुसऱ्यात अवघा ४० येतो. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान संख्येतील अंतर पहिल्यात १०, तर दुसऱ्यात ७५. मात्र हे अंतर दोन टोकेच पाहते, मधल्या वर्षांची दखल घेत नाही. म्हणून प्रत्येक वर्षाचे सरासरीपासूनचे अंतर घ्यावे. त्यांतील अधिक व उणे अंतरांची बेरीज नेहमी शून्य होते. यास्तव प्रत्येकाचा वर्ग करून, वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घ्यावयाचे. हेच ‘प्रमाण विचलन’ होय; इंग्रजीतील हे नाव कार्ल पिअर्सन यांनी १८९३ साली योजिले. आपल्या उदाहरणात ते अनुक्रमे सुमारे ३.४ व ३१ येते.

दोन सरासरीच भिन्न असतील, तर आणखी एक पाऊल टाकावे लागते. ३०० सेंटिमीटर पावसाच्या प्रदेशात ३० सेंटिमीटरांचे विचलन म्हणजे दहा टक्के. ५० सेंटिमीटरांच्या प्रदेशात २० म्हणजे चाळीस टक्के. आकड्याने लहान असलेले विचलन येथे अधिक घातक आहे.

आपल्या देशाचा मोसमी पाऊस हाच धडा देतो. १९७१ ते २०२० या काळातील जून ते सप्टेंबरच्या पावसाची देशाची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे, आणि वर्षावर्षांतील विचलन तिच्या सुमारे एक दशांश. हा दशांश ठाऊक असला, तरच २००२ साली पाऊस सुमारे १९ टक्क्यांनी व २००९ साली सुमारे २२ टक्क्यांनी उणा पडला, याचे गांभीर्य कळते: ही तूट नेहमीच्या विचलनाच्या जवळजवळ दुप्पट होती. शिवाय देशाच्या एकाच आकड्यात एका प्रांताचा पूर दुसऱ्याचे अवर्षण झाकून टाकतो.

वर्गमुळे मुलांना जड जातील, असा आक्षेप येईल. तो काही अंशी खरा आहे. परंतु सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करणे प्राथमिक शाळेतील मुलासही साधते. प्रमाण विचलन वरच्या वर्गात यावे. महत्त्वाची आहे ती प्रश्न विचारण्याची सवय. अर्धवट आकड्यावर विसंबून बांधलेले तळे उणे पडते, निवडलेले पीक करपते, आणि त्याची किंमत ज्याने आकडा छापला तो नव्हे, तर ज्याने पेरणी केली तो मोजतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच: जेथे सरासरी छापली जाईल, तेथे तिच्या शेजारी फैलावाचाही आकडा असावा, आणि नसेल, तर वाचकाने तो मागावा.