गाडी सजवली की बदलली? आरसी बुकात नसलेला बदल मालकाच्या अंगाशी येतो

विश्लेषण | पालम

पालम : जुनी मारुती ८००, अल्टो नाहीतर झेन. गंगाखेड, नांदेड, कधी थेट पुण्याहून आणलेली. गाडी गावात आली की आठ दिवसांत तिचं रूप पालटतं. मोठे अलॉय व्हील, काळ्या काचा, दणका देणारा सायलेन्सर, डोळे दिपवणारे एलईडी. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण या हौसेचं मोल कायद्याने ठरवून ठेवलंय, आणि ते बऱ्याच जणांना गाडी अडवल्यावर किंवा विम्याचा दावा अडकल्यावरच कळतं.

हा विषय फक्त पोरांच्या हौसेचा नाही. ग्रामीण तालुक्यांत चारचाकी घेणारी बरीच कुटुंबं पहिली गाडी सेकंड हँडच घेतात. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, सगळं त्याच गाडीवर. आधीच्या मालकाने केलेला बदल अशा कुटुंबाच्या गळ्यात पडतो. म्हणून कोणता बदल चालतो आणि कोणता नाही, हे गाडी घेणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने गाडीचा जो मूळ तपशील ठरवला, त्याच्याशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

इथं 'दर बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे. एकाच गाडीत असे तीन बदल असतील तर हिशोब तीनदा होतो. रस्त्यावर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, ती वेगळी असू शकते. आवाज आणि धुराचं कलम १९० आणखी वेगळं. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं. फटाके फोडणारा सायलेन्सर बसतो तो याच कलमात.

काच, नंबर प्लेट, बंपर

परभणी जिल्ह्यातला उन्हाळा पाहता काचेवर फिल्म लावावी असं कुणालाही वाटेल. नियम असा की पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के, बाजूच्या काचा किमान ५० टक्के पारदर्शक हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे नियम बदलले आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरलेली पारदर्शकता राखणाऱ्या प्रमाणित फिल्मला मोकळीक दिली. पण आपल्याकडे गाडी अडवल्यावर त्या निकालाचा दाखला देत बसण्यापेक्षा काच साधी ठेवणं परवडतं. आतून काहीच दिसत नाही अशी काळी काच तर कुठल्याच नियमात बसत नाही.

नंबर प्लेटचंही तसंच. ४१४१ वाकवून 'दादा' आणि ४९१२ वाकवून 'पवार' करायची फॅशन जुनीच. नियमाप्रमाणे अक्षरं इंग्रजी आणि आकडे सरळ हवेत. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही राज्यात हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची केली आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरवला गेला. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईच्या सूचना दिल्या. त्याचं कारण साधं आहे. धडकेत बंपर दबला पाहिजे, तरच आतल्या माणसाला कमी मार लागतो. गार्ड दबत नाही, तो झटका सरळ चासीवर देतो. समोर पायी माणूस असेल तर त्याचं आणखी वाईट होतं.

इंजिन वाढलं, ब्रेक तेच

खरा धोका दिसणाऱ्या सजावटीपेक्षा न दिसणाऱ्या बदलात आहे. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. चाक १२ इंचांचं. गाडी हलकी, म्हणून तिला पळवायचा मोह होतो. कुणी मोठं इंजिन बसवतं, कुणी स्प्रिंग कापून गाडी खाली घेतं. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी आणि आरसीत नोंद लागते, ती घेतं कोण?

छोट्या गाडीला पळवायची हौस जगात सगळीकडे आहे, आणि ती शहाणपणाने करता येते. इंग्लंडची 'मिनी' १९५९ मध्ये आली, ८४८ सीसीची साधी कुटुंबाची गाडी. रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी तिच्यातली चपळाई हेरली आणि १९६१ मध्ये ९९७ सीसीची 'मिनी कूपर' आली. हीच छोटी गाडी १९६४, १९६५ आणि १९६७ ला माँटे कार्लो रॅली जिंकून गेली. पण त्या गाडीत ताकद वाढवताना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले होते. पळण्याची सोय केली तशी थांबण्याचीही केली. आपल्याकडच्या बदलात नेमकं हेच राहून जातं.

चाकांचंही गणित आहे. टायरसकट चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते. मीटर मात्र जुन्याच हिशोबाने चालतं. काट्यावर साठ दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात जास्त वेगात असते. स्प्रिंग कापलेली गाडी पुण्याच्या डांबरी रस्त्यावर शोभून दिसते, पण आपल्या गतिरोधकावर आणि खड्ड्यात तिचं ऑइल चेंबर फुटायला वेळ लागत नाही. आणि साध्या हेडलाइटमध्ये ठासून बसवलेला एलईडी उजेड सगळीकडे फेकतो. रात्री समोरून येणारा मोटारसायकलवाला क्षणभर आंधळा होतो. उसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असेल तर तो क्षण पुरेसा असतो.

देवराष्ट्रेची गाडी आणि तिचा शेवट

गावातल्या कारागिराच्या हातात कला नाही असं कुणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जीपसारखी छोटी गाडी उभी केली. खर्च सुमारे साठ हजार. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण त्याच संदेशात ही गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या प्रशासन ती अडवेल, हेही लिहिलं. त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार यांना बोलेरो मिळाली आणि त्यांची गाडी कंपनीकडे गेली.

शेवट गोड झाला खरा. पण लोहारांच्या हाताने बनलेली गाडी शेवटी रस्त्यावरून गेलीच. प्रत्येक कारागिराला बोलेरो देणारा भेटत नाही.

छोटी स्पोर्टी गाडी आपल्या भागात बनूच शकत नाही असंही नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची फायबर बॉडीची, दोन सीटची उघडी गाडी आणली. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं. फरक इतकाच की कंपनीला मंजुरीची वाट चालता येते. ती वाट पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांतून जाते. पालमच्या गॅरेजवाल्याने एका गाडीसाठी ती वाट चालायची तर गाडीपेक्षा खर्चच मोठा होईल.

कायदा कुठला बदल मान्य करतो

सगळेच दरवाजे बंद नाहीत. सीएनजी किंवा एलपीजी किट बसवता येतं. किट मंजूर असावं, अधिकृत केंद्रात बसवावं आणि आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. दिव्यांग व्यक्तीसाठी हाताने चालणारे ब्रेक-क्लच अशी सोय करायलाही कायद्यात जागा आहे. रंग बदलायचा असेल तर आरटीओकडे अर्ज करून नोंद करता येते. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, मॅट यांना कुणी हरकत घेत नाही.

जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून वेगळी सोय आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार, नूतनीकरणाला ५ हजार, मुदत दहा वर्षं. एखाद्या वाड्यात धूळ खात पडलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली जुनी फियाट ११०० डिलाइट यात बसू शकते. पण अट उलटी आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार केला की व्हिंटेजचा मान गेला. ती गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही.

मारुती ८०० व्हिंटेज व्हायला अजून वेळ आहे. पहिली १९८३ ची, शेवटची जानेवारी २०१४ ची. म्हणजे २०२९ पर्यंत प्रत्येक ८०० पंधरा वर्षं ओलांडेल आणि फेरनोंदणीसाठी आरटीओसमोर उभी राहील. पंधरा वर्षांपुढच्या कारला ही फी ५ हजार आहे, वीस वर्षांपुढे १० हजार. गाडी तपासणीत अडकली तर आधी सगळा बदल काढा, मूळ पार्ट शोधा, मग परत परभणीची वारी.

सेकंड हँड घेताना

बदललेली गाडी बहुतेक वेळा स्वस्तात मिळते. सौदा ठरवण्याआधी एवढं बघावं :

• एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून रंग, इंधन, विमा आणि फिटनेसची तारीख तपासावी.
• आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवावा.
• गॅस किट असेल तर ते आरसीवर आणि विम्याच्या पॉलिसीवर, दोन्हीकडे आहे का ते पाहावं.
• मूळ सायलेन्सर, मूळ चाकं मालकाकडे असतील तर ती सौद्यातच मागून घ्यावीत.

विम्याची बाब सगळ्यात महागात पडते. कंपनीला न सांगितलेला बदल हे स्वतःच्या गाडीचा दावा कमी करण्याचं किंवा नाकारण्याचं कारण ठरू शकतं. पॉलिसी दरवर्षी भरली, म्हणून दावा मिळेलच असं नाही.

मधली वाट हवी

जर्मनीत गाडीत बदल करणारा माणूस ती टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेकडे नेतो. अभियंता तपासतो, बदल सुरक्षित असेल तर गाडीच्या कागदात नोंद होते. नोंद असली की पोलीसही अडवत नाहीत. आपल्याकडे एका गाडीपुरती अशी स्वस्त, जवळची वाट नाही. त्यामुळे चांगले ब्रेक बसवणारा आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणारा, दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. जिल्हा पातळीवर आयटीआय आणि आरटीओने मिळून एखाद्या बदलाची तपासणी आणि नोंद करायची सोय केली, तर मिस्त्रीच्या हाताला मान मिळेल आणि रस्ताही सुरक्षित राहील. ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरण्यासारखी आहे.

तोवर हिशोब साधा ठेवावा. पैसे खर्चायचेच असतील तर आधी टायर, ब्रेक आणि हेडलाइटची काच नीट करावी. यातल्या एकाही कामाला परवानगी लागत नाही, आणि घरचं माणूस रात्री सुखरूप परत येतं ते याच तीन गोष्टींच्या जोरावर.