पोचपावती

घड्याळ दुरुस्तीला टाकलं की दुकानदार चिठ्ठी फाडून देतो. लाँड्रीवाला कपडे नेतो तेव्हा वहीत नोंद होते. लष्कराचं सामान दुरुस्तीला जातं तेव्हा यापेक्षा कडक शिस्त असेल, असं आपण धरून चालतो. अमेरिकेचा अनुभव वेगळा आहे.

तिथे लष्करी सामानाची बरीच दुरुस्ती खाजगी कंत्राटदार करतात. नियम सोपा आहे: माल पोचला की कंत्राटदारानं कळवायचं, कळवलं नाही, तर पाठवणाऱ्यानं विचारायचं. अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या ‘जीएओ’नं २००२ मध्ये हवाई दलाचा आणि २००४ मध्ये नौदलाचा हा व्यवहार तपासला. दोन्हीकडे नियम कागदावरच होते.

त्याआधी १९९९ च्या अहवालात तर १९९६ ते १९९८ या तीन आर्थिक वर्षांत नौदलानं ३ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा माल ‘वाटेत हरवला’ असं दाखवल्याचं आलं होतं. त्यात क्षेपणास्त्रांचे लाँचर होते, अंधारात पाहण्याची उपकरणंही होती. गंमत म्हणजे यातला काही माल पोचलेलाही होता, फक्त नोंद नव्हती!

मला खरी भीती इथेच वाटते. नोंद नसली की चोरी आणि कारकुनी चूक सारखीच दिसते. पोचलेला भाग पुन्हा विकत घेतला जातो, आणि गेलेला भाग कुणी शोधत नाही.

पसारा प्रचंड आहे, ही सबब मला पटत नाही. साधं कुरियरसुद्धा आज कुठवर आलं ते कळतं. अडचण मालकीची आहे. एफ-३५ विमानाचे १० लाखांहून जास्त सुटे भाग, किंमत साडेआठ कोटी डॉलरच्या वर, २०१८ पासून हरवल्याचं जीएओनं २०२३ मध्ये सांगितलं. कंत्राटदारांकडचे हे भाग सरकारी मालमत्ता म्हणून मोजायचे की नाही, यावरच संरक्षण खातं आणि कंपन्या यांचं एकमत नव्हतं. मालक कोण हेच ठरत नसेल, तर पावती कुणी कुणाकडे मागायची?

माझ्या मते उपाय एका ओळीचा आहे: पोचपावती नाही, तर बिल नाही. छोट्या कंत्राटदाराला हा जाच वाटेल, मान्य. पण दुरुस्तीचे पैसे मागताना तो एकही कागद विसरत नाही ना? मग माल मिळाल्याचाच कागद तेवढा का राहतो?