सणाचं ताट, रोजचं ताट

परतूरच्या बाजारात आता चकली बाराही महिने मिळते. श्रावणात मिळते, मे महिन्यात मिळते. करंज्या हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगितलं की घरपोच होतात. फराळाच्या खमंग वासाने दिवाळी अंकाचं संपादकीय सुरू करायची जुनी सोय त्यामुळे गेली. वास येतो, पण तो दिवाळीचाच असेल याची खात्री नाही.

यंदा अंकासाठी 'खाणं' हा विषय ठरला तेव्हा मंडळात दोन तट पडले. एकांना आरोग्य विशेषांक हवा होता: मधुमेह, वजन, सकाळ-संध्याकाळचे तक्ते. दुसऱ्यांना पाककृती हव्या होत्या, शक्यतो आजीच्या हातच्या. आम्ही दोन्ही टाळलं. तक्ता वाचून माणूस धास्तावतो, पाककृती वाचून त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि आपल्या घरांत सध्या याच दोन अवस्था आळीपाळीने नांदतात. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत हात आखडायचा नाही. नंतर आठ दिवस रात्रीचं जेवण बंद, सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध. तुळशीचं लग्न लागलं की पंगती सुरू, आणि पंगतींबरोबर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या गडबडीत साधा मंगळवार राहून जातो. सण नाही, उपास नाही, पाहुणा नाही, अशा दिवशी आपण काय, कधी आणि कुणाबरोबर जेवलो? वर्षाचे बहुतेक दिवस असेच असतात आणि तब्येत त्यांच्यावर ठरते. दिवाळीच्या चार लाडवांना आपण उगाच बोल लावतो.

आपल्या भागात रोजच्या आणि सणाच्या खाण्यामध्ये एक बांध होता. अलीकडच्या वावरात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण नाहीतर पिठलं, ठेचा, आणि रानात मिळेल ती भाजी: तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी. तेल करडईचं, तेही पळीने नव्हे, थेंबाने. पलीकडच्या वावरात गव्हाची पोळी, पुरण, तळण, साखर. पोळ्याला पुरण, महालक्ष्म्यांना आंबील आणि सोळा भाज्या, दिवाळीला कढई. बांध ओलांडायचा तो ठरल्या तिथीला, आणि तिथी संपली की परत यायचं. मुलं महिना महिना सणाची वाट बघत. आज पोळी रोजची, साखर दिवसातून चार-पाच चहांतली, तळण येता-जाता, आणि शाळेच्या वाटेवर पाच रुपयांची पुडी. सणाचं ताट रोजच्या ताटात मिसळून गेलं आहे. त्याने सणाची चव गेली आणि रोजची शिस्तही गेली.

एवढं म्हटलं की जुन्या काळाचे गोडवे गायची पाळी येते, आणि तिथे थोडं थांबायला हवं. कारण तो बांध कुणी आहारशास्त्र वाचून घातलेला नव्हता. तो गरिबीने घातला होता. पोळी सणालाच होती कारण गहू सणापुरताच होता. बहात्तरच्या दुष्काळात तर अलीकडचं वावरही उजाड झालं. खडी फोडायला गेलेल्या माणसांना सुकडी मिळाली, रेशनवर परदेशी लाल मिलो आली, आणि तिची भाकरी खाल्लेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. ताटात एक शीतही न टाकणारी, नातवाच्या मागे घास घेऊन घरभर फिरणारी, 'पोरगं वाळलंय' ही ज्यांची सगळ्यात मोठी काळजी, ती हीच पिढी. त्यांच्या हातात आता मोबाइल आला आहे. नातू पडद्याकडे बघत आ वासतो आणि आजी भरवत राहते; त्याचं पोट भरलं की नाही हे त्याला स्वतःला विचारण्याची पद्धत आपल्याकडे कधी नव्हतीच. उपाशी दिवस ज्यांनी काढले त्यांना आपण हसू नये. पण हाव आणि धास्ती या दोन्ही त्याच दुष्काळाच्या लेकी आहेत, हे ओळखलेलं बरं. उद्या मिळेल की नाही या शंकेने माणूस आज जास्त खातो, आणि जास्त खाल्लं म्हणून उद्या स्वतःला उपाशी ठेवतो.

शिवाय तो बांध सगळ्यांसाठी एकाच जागी नव्हता. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाचं असं दफ्तर मराठीत त्याआधी कुणी उघडलं नव्हतं. गावाने जे टाकलं, जे नाकारलं, त्यातून ज्यांनी चव उभी केली, त्यांच्या चुलीचा 'पारंपरिक मराठवाडी जेवण' म्हणताना आपल्याला विसर पडतो. हॉटेलांच्या पाट्यांवर तर ते जेवण दिसतच नाही. आणि प्रत्येक घरात, मग जात कोणतीही असो, आणखी एक जण बांधाच्याही पलीकडे उभी असे: शेवटी जेवणारी. पुरुष जेवले, मुलं जेवली, मग भांड्यात जे उरलं ते. भाजी संपली असली तर चटणी, नाहीतर नुसतं वरणाचं पाणी.

हा इतिहास संपला असं मानायचं कारण नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरांतल्या चोपन्न स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच पाहणीत शंभरांतल्या सुमारे एकवीस जणी नको इतक्या बारीक निघाल्या आणि सुमारे तेवीस जणींचं वजन प्रमाणाबाहेर. जास्त वजन आणि कमी रक्त एकाच बाईच्या वाट्यालाही येऊ शकतं. पोट भरणारं पुष्कळ मिळालं आणि अंगी लागणारं कमी, की असं होतं. देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह आहे, हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मधल्या अभ्यासाचा आकडाही सोबत ठेवावा. त्यातले किती जण 'मी गोड खातच नाही, फक्त चहा' म्हणणारे असतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या गल्लीपुरता करावा.

ताटातला बदल आधी वावरात झाला. 1964 साली ज्वारीचं सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं. त्याच वर्षी आपल्या जालन्यात बद्रिनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. उत्पन्न वाढलं, पोटं भरली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण 'हायब्रीड'च्या भाकरीला मालदांडीची गोडी नाही ही कुरकूर तेव्हापासूनची. खरिपाची ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडली की काळी पडते. राखणीला गोफण घेऊन उभं राहायला माणूस नाही, काढणी-खुडणीला मजूर नाही. सोयाबीन मात्र यंत्राने निघतं आणि सरळ मोंढ्यात जातं. 2002 नंतर बीटी कापूस आला. रब्बीची थोडी ज्वारी उरली ती घरच्या भाकरीसाठी आणि गुरांच्या कडब्यासाठी. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायचं लिहिलेलं होतं, पण पिशवीत पडले मुख्यतः गहू आणि तांदूळ; 2023 पासून तेही मोफत. म्हणजे ज्याचं हातावर पोट आहे त्याच्या घरी पोळी-भात, आणि ज्याला डॉक्टरांनी सांगितलं आहे त्याच्या घरी भाकरी. पूर्वी पोळी मिरवायची असे, आता भाकरी मिरवतात. त्याच 2023 ला संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष ठरवलं, तेव्हा शहरांत ज्वारीची बिस्किटंही निघाली. साखर घातलेली.

मंडळातल्या एका ज्येष्ठांनी या जागी विचारलं, मग भाकरीकडे परत जायचं का? ज्यांना जमेल त्यांनी जावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी 2018 मध्ये आली. तिच्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. शेवटी जेवणारीच्या रक्ताचा प्रश्न वाणाने थोडाफार हलका होत असेल तर हवंच आहे. विद्यापीठाचा जन्मही बहात्तरचा, आणि 1981 ला जालना जिल्हा होईपर्यंत आपला तालुका परभणीतच होता, तेव्हा हक्काने मागायला हरकत नाही. पण भाकरी खाल्ली की झालं, असंही नाही. भाकरी टीव्हीसमोर बसून, रात्री साडेदहाला, दिवसभराचे वडे पचायच्या आत खाल्ली तर ती बिचारी काय करणार?

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एक मोठा वाद झाला होता. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते: खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा, मधे काही नको. ऋजुता दिवेकर सांगत होत्या: थोडं थोडं, वेळेवर, आपल्या मातीतलं खा, तूप-भाताला घाबरू नका. घराघरांत पंथ पडले. लग्नाच्या पंगतीत 'आमचं दीक्षित चालू आहे' म्हणून ताटावर हात आडवा धरणारे वाढले, आणि यजमान हिरमुसले. कोण बरोबर, हा निवाडा करायला आम्ही डॉक्टर नाही. आम्हाला गंमत वेगळीच वाटते. किती वेळा जेवायचं हे सांगायला मुळात बाहेरचं माणूस का लागलं? ज्या गावात दुपारची भाकरी वावरात आणि रात्रीची दिवेलागणीनंतर हे कुणी शिकवलं नव्हतं, तिथे जेवणाची वेळ दुकान, शिकवणी, मालिका आणि फोन यांनी वाटून घेतली होती. दीक्षितांनी असो की दिवेकरांनी, ती लोकांना परत मिळवून दिली, म्हणून दोघांकडेही लोक धावले. वेळ पाळल्याने ज्यांना बरं वाटलं त्यांचं खोटं नाही.

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्यापासून फार लांब नाही. जेवणाआधी म्हणायचा जो श्लोक परंपरेने त्यांच्या नावावर आहे, तो आजही कित्येक शाळांत खिचडीच्या ताटासमोर मुलं ओरडून म्हणतात. त्यातल्या अध्यात्माबद्दल ज्याचं त्याने ठरवावं. व्यवहार मात्र पक्का आहे: सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी सुरू करत नाही, आणि पोरं तेवढा वेळ ताटाकडे बघतात. घरी हा नियम लावून बघावा. फक्त 'सगळ्यांना' या हिशेबात वाढणारीही धरायची. ती बसल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. एवढं करायला आहारतज्ज्ञाची फी लागत नाही, पण काही घरांत त्यावरून भांडण होईल. होऊ द्यावं.

राहिला आग्रह. दिवाळीत तो उतू जातो. 'एकाने काय होतंय?' हे वाक्य परतुरात ज्या दिवशी कुणी कुणाला म्हणणार नाही असा दिवस उजाडायचा आहे. नको म्हणणारा पाहुणा परका वाटतो, आणि घेणाऱ्याला शुगर. एकदा विचारावं, दुसऱ्यांदा विचारण्यात माया आहे. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे आपल्या करंजीचं कौतुक करून घेणं. आणि घेणाऱ्यानेही घेतली तर सुखाने खावी. 'उद्यापासून बंद' असं म्हणत खाल्लेल्या करंजीची चव लागत नाही आणि ती पचतही नसावी. उपासाचंही तेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असं आपणच आपल्याला हसत आलो आहोत; साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचा लाडू अशा ताटाला उपास म्हणायचं धाडस आपल्याकडेच आहे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टोचत राहते. भाऊबीज होते न होते तोच आपल्या आणि शेजारच्या तालुक्यांतून ऊसतोडीची वाहनं निघतात. उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायको, पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकात जातो. पहाटे तीन-चारला उठून कोपीवर भाकरी थापायची, फडात थंड झाल्यावर खायची, आणि पुढचे चार-पाच महिने तेच. आपल्या चहातली साखर त्यांच्या हातची. कधी आणि कुणाबरोबर जेवावं या गप्पा त्यांच्यासमोर कुणी करून बघाव्यात. म्हणून या अंकात आहारावर जे काही आलं आहे, ते ज्यांना आपल्या जेवणाची वेळ ठरवता येते त्यांच्यासाठी आहे. ज्यांना ती मुकादम ठरवून देतो त्यांच्यासाठी मजुरी, फडाजवळची शाळा आणि रेशन जिथे जाईल तिथे मिळणं, हे वेगळे लेख लागतील. त्यातला एक या अंकात आहे. बाकीचे आम्ही वर्षभरात मागवणार आहोत.

बांध पुन्हा घालायचा तर आता गरिबी नको, आवड हवी. सगळ्यांत सोपी सुरुवात हुरड्यापासून होते, कारण तो स्वतःच मुदत ठरवून येतो. गुळभेंडीची कणसं दुधात भरतात ती थोडेच दिवस. पुढे दाणा टणक होतो आणि खेळ संपतो. शीतपेटीतला हुरडाही मिळतो म्हणे आता, तो ज्यांना खायचा त्यांनी खावा. आम्ही मात्र पौषात एका वर्गणीदाराच्या वावरात आगटी पेटवणार आहोत. गूळ, लसणाची चटणी आणि दही आमच्याकडे. मधुमेहवाल्यांनी गुळाचं आपलं आपण बघावं. वाट्या-चमचे आणू नयेत, हुरडा तळहातावर चोळून देणारी माणसं तिथे आहेत.