आधी आईचा दोष, मग मुलाची तपासणी?

‘मुलगे उशिराच बोलतात गं, ह्याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता.’ आपल्यापैकी कितीतरी जणींनी हे वाक्य ऐकलं असेल. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते, शंका नाही. पण या मायेपायी काही मुलांची मोलाची दोन-तीन वर्षं हातातून निसटतात. पुढे ‘ऑटिझम’ हा शब्द कानावर पडला, की तीच माणसं विचारतात, ‘मग आईचं लक्ष कुठे होतं?’ मैत्रिणींनो, आज या दोन वाक्यांबद्दलच बोलायचं आहे.

माझा लेक साडेपाच वर्षांचा आहे. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द ऐकून वाटतं, मूल आपल्यातच रमलंय, मजेत आहे. घरातलं चित्र वेगळं असतं. मिक्सर लावण्याआधी त्याला सांगावं लागतं, नाहीतर कान दाबून तो पलंगाखाली शिरतो. नव्या शर्टाच्या मानेमागचं लेबल आधी कापायचं, कारण ते टोचतं. जेवण म्हणजे दहीभात, तोही त्याच स्टीलच्या वाटीत. त्यात फोडणीची एक मोहरी दिसली तरी वाटी लांब सरकते. तहान लागली तर बोट दाखवत नाही, माझा हात धरून माठापर्यंत नेतो. बोलतो, पण टीव्हीवरची जाहिरात जशीच्या तशी. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे रंगाप्रमाणे ओळीत लावत तासभर बसतो. आणि वीज जाऊन पंखा थांबला, की त्याला आवरणं कठीण!

यातलं काहीही ‘लाडानं बिघडलंय’ म्हणून होत नाही. आवाज, स्पर्श, उजेड हे सारं त्याला आपल्यापेक्षा वेगळं जाणवतं. भर बाजारात तो जमिनीवर लोळतो तेव्हा ‘दोन रट्टे द्या, सुधारेल’ म्हणणारे हमखास भेटतात. रट्ट्यानं भीती वाढते, बाजाराचा गोंगाट काही कमी होत नाही.

उपयोग होतो तो पुढे काय घडणार हे त्याला आधी कळण्याचा. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोटो चिकटवलेत : ब्रश, आंघोळ, वाटी, दप्तर. एक काम झालं की तो त्यावरचा फोटो काढून डब्यात टाकतो. जिल्ह्याच्या गावी स्पीच थेरपीला जायचं असेल त्या दिवशी एसटीचा फोटो लागतो. हे चारचौघींना खुळचट वाटेल, पण या फोटोंनी आमच्या घरातलं निम्मं रडणं थांबवलं.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. ‘गरोदरपणी ग्रहणात काही चिरलंस का?’ ‘नोकरीपायी मुलाकडे दुर्लक्ष झालं का?’ असे प्रश्न मला अगदी जवळच्यांनी विचारले. आईला दोष देण्याची ही खोड फक्त आपली नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. त्यानंतर कितीतरी वर्षं तिकडचे मोठमोठे तज्ज्ञही म्हणत राहिले, की आईच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल असं झालं. अशा आयांना चक्क ‘फ्रीज’ची उपमा दिली गेली! १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून हे खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. आज आपल्याला ठाऊक आहे, की मुळाशी मेंदूची वेगळी घडण असते, आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो आणि बरंचसं बाळ पोटात असतानाच ठरतं. लसीमुळे ऑटिझम होतो, असं सुचवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांच्या पाहणीतही गोवराच्या एमएमआर लसीचा संबंध आढळला नाही. तेव्हा लस चुकवू नका, आणि आईलाही धारेवर धरू नका.

मग लक्ष कशाकडे द्यायचं? वर्षाचं बाळ नावानं हाक मारली तरी वळून बघत नाही, दीड वर्षाचं मूल ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द अचानक विसरतं. यातलं एक जरी दिसलं तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. म्हणजे ऑटिझम आहेच असं नाही. कधी ऐकण्याचा दोष निघतो, म्हणून कानांची तपासणी करायचीच. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, आणि जिल्ह्याच्या पातळीवर अशा मुलांसाठी लवकर उपचार केंद्रांची सोय आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ‘थांबून बघू’ म्हणणाऱ्यांना सांगा, तपासून घेण्यानं काही बिघडत नाही, थांबण्यानं बिघडतं.

कायदाही आता आपल्या बाजूनं आहे. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. काहीजणींना वाटतं, प्रमाणपत्र काढलं की मुलावर शिक्का बसेल. अहो, शिक्का लोक तसाही मारतात. प्रमाणपत्रानं निदान हक्क तरी मिळतो.

पण कागदावरचा हक्क वर्गाच्या दारापर्यंत पोचवतात ती माणसंच. एका बालवाडीनं ‘इतर पालक तक्रार करतात’ म्हणून माझ्या लेकाला आठव्या दिवशी घरी पाठवलं. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी त्यालाच खाऊच्या वेळी ताटल्या मांडायचं काम दिलं. ओळीत मांडायचा त्याला नादच! आता इतर मुलं त्याच्या ताटल्यांची वाट बघतात. ताईंनी वेगळं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, इतकंच.

घरातल्या माणसांकडेही एक मागणं आहे. थेरपीची एसटी, रात्रीची जागरणं, शाळेतली बोलणी हे सगळं ‘तुला जमतं गं’ म्हणत आईच्याच गळ्यात पडतं. तिला जमतं, कारण दुसरं कुणी करत नाही. वडिलांनी महिन्यातून दोन वेळा तरी थेरपीला न्यावं, फोटो कसे लावायचे ते शिकून घ्यावं. माझ्या सासूबाई आधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. आता रोज संध्याकाळी तासभर त्याच्याबरोबर चिमटे लावत बसतात. त्या तासात मी नुसती अंगणात बसते. कुणाला सांगून पटणार नाही, त्या एका तासावर माझा दुसरा दिवस निघतो.

शेजारणींनो, तुम्हाला थेरपी यायला नको, सल्लाही द्यायला नको. तुमच्या गल्लीत अशी एखादी आई असेलच. ती हल्ली कुठे येत-जात नाही, हे तुमच्या लक्षातही आलं असेल. यंदाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करताना तिला आवर्जून सांगा, ‘मुलाला घेऊनच ये.’ तो नमस्कार करणार नाही, तिळगूळ हातात घेणार नाही, कदाचित सगळा वेळ तुमच्या पंख्याकडे बघत उभा राहील. राहू दे उभा. तेवढ्या वेळात त्याच्या आईला गरम चहा तरी शांतपणे पिता येईल.